सरोजाम्मांच्या तळ्यातलं पाणी जातं कुठं

सल्लागार शोधायचं काम अनंतकृष्ण रावांच्या गळ्यात पडलं, कारण सभेत ते एकटेच गप्प बसले होते. बाकीचे सगळे आपल्याला वेळ कसा नाही हे एकदम सांगत होते. त्या गलक्यात ज्याचा आवाज आला नाही त्याची संमती आहे, असं अध्यक्ष कृष्णस्वामींनी गृहीत धरलं, आणि राव 'नाही' म्हणायला घसा साफ करेपर्यंत कॉफी आली. कॉफी आल्यावर झालेला ठराव बदलत नाही, असा कृष्णस्वामींचा बँकेतल्या नोकरीपासूनचा नियम होता.

सभा 'निलम काप्पोम' मंडळाची होती. निलम काप्पोम म्हणजे जमीन राखू या. चेन्नईच्या वेलचेरी भागातल्या त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर सकाळी फिरणाऱ्या मंडळींनी, तळमजल्यावर पाणी शिरलेल्या एका पावसाळ्यानंतर, हे मंडळ काढलं होतं. मंडळानं तोवर एक नाव ठेवलं होतं, एक व्हॉट्सॲप ग्रुप काढला होता आणि एक कापडी फलक लावला होता. फलक वादळात उडून गेला. 'पर्यावरणाला दिलेली आमची पहिली देणगी,' असं कृष्णस्वामी म्हणत.

आता मात्र खरं काम आलं होतं. इमारतीच्या मागे सरोजाम्मांची जमीन होती, आणि जमिनीच्या मधोमध एक तळं. सरोजाम्मा एकट्या राहत. मुलगा परदेशात. जमिनीवर एका बिल्डरचा डोळा होता आणि तो दर आठवड्याला सफरचंदं घेऊन त्यांची विचारपूस करायला येई. मंडळ जमीन राखा म्हणून सांगायला गेलं तेव्हा सरोजाम्मांनी सफरचंद चिरून सगळ्यांना दिलं आणि आपलं म्हणणं सांगितलं.

"आमचे यजमान म्हणायचे, हे तळं बुजवू नकोस, याचा उपयोग आहे. कोणाला, ते सांगायच्या आत गेले. मुलगा म्हणतो विक. तुम्ही म्हणता राख. मला दोघांचंही पटतं, म्हणून झोप लागत नाही. तुम्ही असं करा, या तळ्याचा कोणाला काय उपयोग आहे ते एखाद्या शिकलेल्या इंजिनिअरच्या सहीनं मला आणून द्या. आणलंत तर जमीन मंडळाच्या हवाली. नाही आणलंत तर तै महिना लागला की बिल्डरच्या कागदावर सही."

मार्गळी महिना नुकताच लागला होता. आपल्याकडे ज्याला धुंधुरमास म्हणतात तोच हा. या महिन्यात चेन्नईत देवाशिवाय कोणाचं काही होत नाही. लग्न नाही, गृहप्रवेश नाही, खरेदीखत नाही. बिल्डरचा धंदा काँक्रीटचा असला तरी त्याची आई देवभोळी होती, त्यामुळे पोंगलपर्यंत, म्हणजे आपल्या संक्रांतीपर्यंत, तळ्याला अभय होतं. पोंगलला तै लागतो.

"तुम्हाला ऑटोवाल्याला थांब म्हणता येत नाही," रावांच्या पत्नी कुमुदिनीबाई घरी म्हणाल्या. "तुम्ही इंजिनिअर आणणार?"

कुमुदिनीबाई मिरजेच्या, राव तंजावरचे. त्या घरात मराठी दोन होत्या आणि वाद घालायची वेळ आली की मिरजेची जिंकायची. राव एका सरकारी प्रयोगशाळेत ग्रंथपाल होते. जन्मभर त्यांनी लोकांना पुस्तकं शोधून दिली, पण माणूस शोधायची वेळ कधी आली नाही. पुस्तकाचं बरं असतं. ठेवलं त्या जागी ते सापडतं, आणि उघडल्याबरोबर 'कोण बोलतंय?' असं विचारत नाही.

"अस्के लोक मदत करतो म्हणालेत," राव म्हणाले.

अस्के म्हणजे सगळे. कुमुदिनीबाई या शब्दाला लग्नापासून हसत आल्या होत्या. "तुमचे अस्के," त्या म्हणाल्या, "सल्ला देतील. माणूस नाही देणार."

त्यांचं खरं ठरलं. दुसऱ्या दिवसापासून लिफ्टमध्ये, जिन्यात, इस्त्रीवाल्याकडे, रावांना सल्लागार कसा शोधावा याचे सल्ले मिळू लागले. पर्यावरणाचा वेगळा घ्या आणि इंजिनिअर वेगळा घ्या. छे, दोन घेतले की भांडतात, एकच घ्या. दाढीवाला घेऊ नका, तो आंदोलन करतो. दाढी नसलेला घेऊ नका, तो बिल्डरचा असतो. कृष्णस्वामींनी तर पद्धतच घालून दिली. "तीन जणांना बोलवा, राव. तिघांचे दर घ्या. सर्वांत महाग तो लुटारू, सर्वांत स्वस्त तो नवशिका, मधला बरोबर. यात अक्कल लावायची गरज पडत नाही, हेच या पद्धतीचं वैशिष्ट्य."

पहिला माणूस कृष्णस्वामींच्या भाच्याच्या ओळखीनं आला. शेषाद्री त्यांचं नाव, इरुंगाट्टुकोट्टैच्या औद्योगिक वसाहतीत त्यांची फर्म. गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यांना पर्यावरणाचे अहवाल करून देत. रावांनी त्यांना फोन करण्यापूर्वी काय बोलायचं ते मनात तीनदा म्हणून पाहिलं होतं आणि फोन उचलल्यावर ते सगळं सोडून 'रॉंग नंबर' असं म्हणून फोन ठेवला होता. मग शेषाद्रींनीच उलट फोन केला. मोठ्या फर्मची हीच तत्परता, असं कृष्णस्वामी म्हणाले.

शेषाद्री तळ्याच्या काठावर चकचकीत बूट घालून उभे राहिले. "छान साइट आहे. प्रकल्प काय आहे?"

"प्रकल्प नाही," राव म्हणाले.

"म्हणजे इथं काय उभं राहणार?"

"काहीच नाही. हे आहे तसं राहणार."

शेषाद्रींनी टॅब उघडला आणि बराच वेळ काही तरी शोधलं. "सार, तुमचं चुकतंय. इथं 'उद्योगाचा प्रकार' असा रकाना आहे. काही तरी भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही."

"काहीच नाही असं भरता येणार नाही का?"

"सार, आम्ही पर्यावरणाचं नुकसान किती होईल ते मोजतो. तुम्ही नुकसानच करणार नाही म्हणता. मग मोजू काय?" ते खरोखरच काळजीत पडले होते. "निदान एखादा छोटा बॉयलर तरी बसवा."

त्यांनी दर सांगितला तेव्हा कृष्णस्वामींनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला नाही. शेषाद्री जाताना एवढं सांगून गेले की कोणाकडूनही काम करून घ्यायचं तर जमिनीचा सरकारी नकाशा आधी लागेल.

म्हणून राव तालुका कचेरीत गेले. तळ्याकाठी पाहणी करून ते तसेच गेले होते, त्यामुळे त्यांची पँट गुडघ्यापर्यंत ओली होती. खिडकीतल्या बाईंनी नोंद पाहून सांगितलं की ही जमीन कोरडवाहू आहे.

"तिथं तळं आहे," राव म्हणाले.

"नोंदीत नाही."

"मी आत्ता तिथूनच आलो." रावांनी पाय जरा पुढे केला.

बाईंनी खिडकीतून वाकून पँट पाहिली. त्या मनानं चांगल्या होत्या. "सार, तुमची पँट ओली आहे हे मला मान्य आहे," त्या म्हणाल्या. "पण ती कशानं ओली झाली याचा दाखला माझ्याकडे नाही." नकाशा मात्र त्यांनी दिला. त्यात तळ्याच्या जागी एक सुंदर मोकळा चौकोन होता.

दुसरा माणूस इस्त्रीवाल्यानं सुचवला. पाण्याचा इंजिनिअर, नाव सुब्बा, आजवर एकही बोअर कोरडी गेलेली नाही. सुब्बा आला तो नारळ घेऊन. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो डोळे मिटून चालू लागला. खाली पाणी असलं की नारळ हातावर उभा राहतो, अशी ही विद्या. सरोजाम्मांच्या जमिनीवर नारळ पहिल्या पावलाला उभा राहिला आणि शेवटपर्यंत बसायलाच तयार होईना. ज्या जमिनीत बगळे पोटापर्यंत बुडून उभे होते तिथं पाणी आहे, हे नारळानं निर्विवाद सिद्ध केलं. सहीबद्दल विचारलं तेव्हा सुब्बा म्हणाला, सही येत नाही, पण नारळ ठेवून जाऊ शकतो. त्या नारळाची कुमुदिनीबाईंनी चटणी केली.

तिसरं नाव रावांनी स्वतः शोधलं, आणि ते त्यांना सापडलं एका तळटीपेत. शहरातल्या तळ्यांवरचा एक जाडजूड अहवाल ते वाचनालयात वाचत होते. रावांचा मजकुरापेक्षा तळटिपांवर जास्त विश्वास. मजकूर बढाई मारतो, तळटीप सहसा मारत नाही. एका तळटिपेत बारीक अक्षरात हरिणी नावाच्या बाईंनी मूळ लेखकाची पाण्याच्या पातळीची चूक अतिशय नम्रपणे दाखवून दिली होती. रावांना ती नम्रता फार आवडली. त्यांनी ईमेल पाठवली. ईमेलला घसा साफ करावा लागत नाही.

हरिणी चौथ्या दिवशी स्कूटरवरून आली. श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यातली इंजिनिअरची नोकरी सोडून तिनं मैत्रिणीबरोबर लहानशी फर्म काढली होती. पायात रबरी चपला. तिनं तळ्याला एक फेरी मारली आणि दर वगैरे काही न सांगता रावांनाच विचारलं, "अंकल, मोठा पाऊस पडला की बाजूच्या रस्त्यावर पाणी किती दिवस राहतं?"

"आठवडाभर. सखल वेलचेरीच आहे ही."

"आणि हे तळं?"

राव विचार करू लागले. "हे तुडुंब भरतं. पण दुसऱ्या दिवशी काठाची पायरी दिसायला लागते."

"मग ते पाणी जातं कुठं?"

राव तळ्याकडे वळले. इतकी वर्षं ते गॅलरीतून हे तळं भरताना आणि उतरताना बघत होते, आणि हा प्रश्न त्यांना एकदाही पडला नव्हता. वाचलेल्या पुस्तकाच्या मधलं एक पान चिकटलेलं होतं आणि ते कोणी तरी सोडवून दिलं, तसं त्यांना झालं.

"मुरत असेल," हरिणी म्हणाली. "किंवा रस्त्याखाली एखादा जुना बांधीव पाट असेल, कोणाच्या लक्षात नसलेला. तसा असला तर तो कुठं तरी उपयोगी पडत असणार. पाण्यात रंग टाकून, तो कुठं निघतो ते बघता येतं. पण त्याला योग्य रंग लागतो, परवानगी लागते. तुमच्या मंडळानं काम दिलं की करू."

मंडळाच्या सभेत रावांनी हरिणीचं नाव सुचवलं. कृष्णस्वामींनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे ती मुलगी तुम्हालाच प्रश्न विचारून गेली?"

"चांगला प्रश्न होता."

"राव, सल्लागार उत्तरं देतो. प्रश्न तर आपल्याकडेही आहेत." सभा हसली. "आणि पाट असेलच कशावरून? उद्या नसला तर आपलं हसं होईल."

इथं दुसरा कोणी असता तर वाद घातला असता. राव घरी आले आणि त्यांना वाटू लागलं की कृष्णस्वामींचंच बरोबर असेल. हरिणीला फोन करून 'पाट नक्की असेल ना?' असं विचारावं, तर तिला वाटेल आपला तिच्यावर विश्वास नाही. न विचारावं, तर हसं. शेवटी त्यांनी ठरवलं की आधी आपणच गुपचूप बघावं. रंग कुठं निघाला तर सभेत सांगू. नाही निघाला तर कोणालाच कळणार नाही. भित्र्या माणसाच्या हातून धाडसाची कामं होतात ती अशी.

लग्नाच्या आचाऱ्यांना माल पुरवणाऱ्या दुकानात जाऊन त्यांनी लाडवांत घालायचा पिवळा रंग मागितला.

"किती लाडू?" दुकानदारानं विचारलं.

"बरेच."

"लग्न आहे?"

"हो."

दुकानदारानं मान वर केली. "मार्गळीत लग्न?"

रावांनी घाईघाईनं पैसे काढले. "आमच्यात चालतं," ते म्हणाले, आणि एका वाक्यात सगळ्या तंजावरी मराठ्यांना बाटवून डबा घेऊन बाहेर पडले.

दुपारी कुमुदिनीबाई आडव्या झाल्यावर ते मागच्या फाटकातून तळ्यावर गेले. एका कोपऱ्यात वाळकी पानं हळूहळू गोल फिरून दिसेनाशी होत होती. तिथं त्यांनी डबा रिकामा केला. पाणी झेंडूसारखं पिवळं झालं, एक बगळा नाराज होऊन उडाला, आणि बाकी काही झालं नाही. संध्याकाळपर्यंत राव आसपासच्या गटारांत डोकावत फिरले. कुठंही पिवळा थेंब नाही. तळ्यातला पिवळेपणाही ओसरला. संपलं, असं मनाशी म्हणून ते घरी आले. तो प्रश्न चांगला नव्हता, आपल्याला तो फक्त आवडला होता.

"हात पिवळे कशानं?" कुमुदिनीबाईंनी विचारलं.

"जुन्या पुस्तकाचा पुठ्ठा," राव म्हणाले.

सकाळी त्यांना जाग आली ती दोन गल्ल्या पलीकडच्या अम्मन देवीच्या देवळातल्या लाउडस्पीकरनं. मार्गळीत तो रोजच पहाटे लागायचा, पण आज त्यात घंटा, नगारा आणि बायकांचा गलका होता. थोड्या वेळानं कुमुदिनीबाई आल्या, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात पाण्याची बाटली, आणि त्यांचा आवाज बदललेला.

"देवळाच्या कुंडात हळदीचं पाणी आलंय हो. आपोआप. अम्मनला हळदीचं पाणी प्रिय ना, आईनं स्वतःच आणलं. सगळी वेलचेरी लोटलीय तिथं. घ्या, डोळ्यांना लावा."

रावांनी बाटली उजेडात धरली. पाणी लाडवाच्या रंगाचं होतं. त्यांच्या मनात आधी भीती यायला हवी होती, पण आला तो आनंद. पाट होता. रस्त्याखालून, दुकानांखालून, कोणाला माहीत नसलेला पाट होता, आणि तो थेट अम्मनच्या कुंडात जात होता. त्यांचा चेहरा असा उजळला की कुमुदिनीबाईंनी हात जोडले. इतक्या वर्षांनी नवऱ्याला भक्ती सुचली, याचं श्रेय त्यांनी अम्मनलाच दिलं.

भीती दुपारी आली. तोवर गल्लीच्या तोंडाशी पोलिसांनी अडथळे लावले होते, हारांची दुकानं लागली होती आणि हळदीच्या पाण्यासाठी बाटल्या घेऊन रांग रेल्वेच्या पुलाखाली पोचली होती. बिल्डरनं अम्मनचे आभार मानणारा मोठा फलक लावला. त्यावर अम्मन लहान होती, बिल्डर मोठा होता आणि खाली 'चमत्कारी कुंडापासून चालत दोन मिनिटांवर' असं येऊ घातलेल्या इमारतीचं चित्र होतं. सरोजाम्मांकडे सफरचंदांची आता टोपली आली.

"मुलाचा सकाळपासून दोनदा फोन आला," त्या रावांना म्हणाल्या. "म्हणतो, देवीनंच किंमत वाढवलीय, आता थांबू नकोस. बिल्डर म्हणतो, तैच्या पहिल्याच सकाळी."

राव कृष्णस्वामींकडे गेले. कृष्णस्वामी प्रसन्न होते. "जमिनीचं आता विसरा, राव. आपल्या फ्लॅटांची किंमत कुठं गेलीय, कळलं का?"

म्हणजे राखायला गेलेलं तळं रावांनी आपल्याच हातानं महाग करून ठेवलं होतं. गॅलरीत बसून त्यांनी हरिणीला फोन केला आणि या वेळी रॉंग नंबर न म्हणता सगळं सांगितलं.

"अंकल, रंग कोणता?"

"लाडवाचा."

"किती वाजता टाकलात?"

"कुमुदिनी झोपल्यावर."

"त्या किती वाजता झोपतात?"

"जेवल्यावर."

"अंकल, तुम्ही ग्रंथपाल ना?"

हे शब्द रावांना फार लागले. कोणी त्यांना भित्रा म्हटलं असतं तर त्यांनी ते मान्य केलं असतं, पण नोंद ठेवली नाही हे खरोखरच लाजिरवाणं होतं.

"पाट आहे हे तुम्हाला कळलं, मला कळलं," हरिणी म्हणाली. "पण जोवर तो चमत्कार आहे तोवर मी सही कशावर करू? तुम्ही आधी लोकांना सांगा. मग मी सगळ्यांसमोर नीट करून दाखवते."

राव संध्याकाळी देवळात गेले. पुजाऱ्यांना एका बाजूला घेऊन हळूच सांगायचं आणि निघून यायचं, असा बेत होता. पुजारी नुकतेच स्तोत्र संपवून उठत होते. राव त्यांच्या अगदी जवळ गेले, घसा साफ केला आणि कानाशी लागल्यासारखं म्हणाले, "स्वामी, तो रंग मी टाकला. सरोजाम्मांच्या तळ्यात. लाडवांत घालतात तो. हळद नाही."

पुजाऱ्यांच्या उपरण्याला माइक होता, आणि तो चालू होता. रावांच्या आयुष्यातलं पहिलं भाषण पहाटेच्या त्याच लाउडस्पीकरमधून रांगेनं ऐकलं, हारवाल्यांनी ऐकलं, पोलिसांनी ऐकलं, आणि घरी पोळ्या लाटणाऱ्या कुमुदिनीबाईंनी ऐकलं. 'हळद नाही' हे शब्द पुलावरून परत आले.

सगळ्या माना देवळाकडे वळल्या. मग रांगेतली एक बाई म्हणाली, "कोण हे? याला देवळात आधी कधी बघितलं नाही."

"प्रसिद्धीसाठी करतात लोक," बिल्डरच्या माणसानं आवाज चढवला.

राव आयुष्यभर प्रसिद्धीला पाहून रस्ता बदलत आले होते. त्यांनी पिवळे हात पुढे केले आणि तसेच उभे राहिले.

पुजाऱ्यांनी ते हात निरखून पाहिले. "हा माणूस बोलायलासुद्धा लाजतो," ते सावकाश म्हणाले. "असा माणूस भर दुपारी दुसऱ्याच्या तळ्यात रंग टाकतो, तर ते त्यानं केलं की त्याच्याकडून कोणी करवलं?"

रावांनाही सकाळपासून हेच कोडं पडलं होतं.

तेवढ्यात गर्दीतून सरोजाम्मा पुढे आल्या. लाउडस्पीकर ऐकून त्या घरच्याच साडीत निघाल्या होत्या. "माझ्या तळ्यात टाकलं आणि इथं आलं?"

"हो, सरोजाम्मा."

"माझ्यासमोर करून दाखवा."

देवीची परवानगी घ्यावी लागेल, असं पुजारी म्हणाले. पानांच्या दोन सारख्या पुड्या केल्या, एकीत पांढरं फूल, एकीत तांबडं, आणि रांगेतल्या त्या बाईंनाच एक उचलायला सांगितली. पांढरं निघालं, म्हणजे देवीचा होकार. पर्यावरणाच्या कामातली एवढी झटपट परवानगी आपण पाहिली नव्हती, असं हरिणी पुढे अनेकदा सांगायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरिणीनं सगळ्यांसमोर हिरवा रंग दाखवला, कोणालाही अपाय न करणारा. तळ्याकाठी मंडळातले लोक, कुंडाच्या पायऱ्यांवर बाकी सगळी वेलचेरी. रंग पडला तेव्हा टाळ्या झाल्या. मग सगळे कुंडाकडे आले, आणि काहीच झालं नाही. पाऊस होऊन दिवस उलटले होते, तळं उतरलं होतं, पाट संथ झाला होता, आणि तो वाहतोय की नाही हे हरिणीलाही सांगता येईना. कृष्णस्वामी घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होते. बिल्डरचा माणूस हसत सगळ्यांना चहा वाटत होता. ऊन चढलं तशी माणसं पांगली. काही जण रावांकडे बघून मान हलवत गेले. कुमुदिनीबाई आल्या, नवऱ्याच्या हातात टोपी दिली आणि जवळ बसल्या. लाडवाच्या रंगाचं पाणी डोळ्यांना लावल्याचा राग त्या घरी काढणार होत्या, पण चारचौघांत त्यांची मिरज नवऱ्याच्या बाजूनं होती.

दुपार कलली तरी सरोजाम्मा मात्र खालच्या पायरीवरून हलल्या नाहीत. कुंडाच्या कडेला शेवाळलेलं एक दगडी तोंड होतं, त्याच्याकडे त्या टक लावून बसल्या होत्या.

"राव," त्या म्हणाल्या, "काही आलंच नाही तर?"

"तर मी चुकलो."

"मग काय कराल?"

राव विचारात पडले. "बघत राहीन," ते म्हणाले. "पाणी कुठं तरी जातं, एवढं नक्की आहे."

सरोजाम्मांनी मान डोलावली. मग त्यांनी रावांचा दंड घट्ट धरला. दगडी तोंडातून एक हिरवा धागा बाहेर आला होता, इतका बारीक की आधी तो शेवाळाचाच वाटला. तो पाण्यात उतरला, वळला, रुंद झाला आणि उतरत्या उन्हात पोपटासारखा पेटला.

पायऱ्यांवर मोठा गलका झाला. हरिणीनं वेळ लिहिली, नमुने भरले आणि मग वर बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "या कुंडाला दुसरीकडून पाणी येत नाही, मी सगळ्या बाजू तपासल्यात. ते तळं बुजवलं तर हे कुंड कोरडं पडेल. सही करून देते."

पुजारी बिल्डरच्या माणसाकडे वळले. "देवीच्या स्नानाचं पाणी तुम्ही बुजवणार होतात?" त्यांचा माइक आजही चालू होता. त्या माणसाच्या हातातला चहा कलंडला.

सरोजाम्मांचा फोन वाजत होता. मुलगा होता. त्यांनी तो कानाला लावला आणि डोळे कुंडावरून न काढता ऐकत राहिल्या. हिरवं पाणी आता पलीकडच्या काठाला पोचलं होतं आणि तिथल्या एका कोपऱ्यात हळूच गोल फिरत होतं. त्यांनी फोनवर हात ठेवला आणि हरिणीला विचारलं, "आणि तिथून पुढं कुठं जातं?"

हरिणीनं कोपऱ्याकडे पाहिलं, मग रावांकडे. राव तर आधीच तिकडे चालू लागले होते.

"माहीत नाही," हरिणी म्हणाली.

सरोजाम्मांनी फोनवरचा हात काढला. "हे बघ राजा," त्या मुलाला म्हणाल्या, "ते कळल्याशिवाय मी काही विकत नाही."